दोन काठ्या आणि पिसांची माशी



गळ टाकून नदीकांठीं बसलेल्या मनुष्याला जाणारायेणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो : "लागला का कांहीं?" परंतु मी घोडनदीच्या कांठीं उभा असतांना मला अलीकडे दुसराच प्रश्न अधिक ऐकूं येतो. "गुरुजी, हातांत तर एका वेळीं एकच काठी राहणार, मग ही दुसरी कशाला?" प्रश्न साधा आहे. पण त्याचें नीट उत्तर द्यावयाचें म्हणजे गळाच्या विद्येचा निम्मा भाग सांगावा लागतो, आणि तोच आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं अशा श्रोत्यांनींहि रेडिओ बंद करूं नये. या विषयांत खाण्याचा भाग थोडा आहे आणि पाहण्याचा पुष्कळ.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांचीं गांवें. शिरुरास जुने लोक अजून 'घोडनदी' म्हणूनच ओळखतात. नदीचें नांव गांवाला पडलें. ही घोड पुढें चिंचणीच्या धरणांत अडते, तेथून सुटून दौंडाच्या वरच्या अंगास भीमेस मिळते, आणि दौंडाहून भीमा पूर्वेकडे उजनीच्या फुगवट्यांत शिरते. म्हणजे आमच्या टापूंत वाहतें पाणी, खडकांतले डोह आणि धरणाचें पसरट पाणी, असे तिन्ही प्रकार एका दिवसाच्या प्रवासांत सांपडतात. ज्यांस खडकांतलें पाणी पाहावयाचें असेल त्यांनीं टाकळी हाजी व निघोज यांच्या मधून वाहणाऱ्या कुकडीचे रांजणखळगे पाहावे. वाहत्या पाण्यानें आणि गोट्यांनीं काळा दगड कसा कोरून काढला आहे, हें तेथें दिसतें.

या पाण्याचा आणि मत्स्यशास्त्राचा संबंध जुना आहे. विल्यम हेन्री साइक्स नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन करून १८३९ च्या सुमारास तें विलायतेंत प्रसिद्ध केलें. साइक्स हा मुंबई सरकारासाठीं दख्खनची आंकडेवारी गोळा करीत गांवोगांव हिंडला होता. त्यानें केलेली एक गोष्ट मला फार आवडते. माशांना लॅटिन नांवें देतांना त्यानें ग्रीक देवदेवतांकडे धांव न घेतां आमच्या भोयांच्या तोंडचे शब्दच उचलले. 'कोळस' हा मासा लॅटिनांत 'कोलुस' झाला, 'आळकूट' हा 'आल्कूटी' झाला. 'मुसुल्ला' या नांवाचा जो मोठा मासा त्यानें वर्णिला, तो शिरूर येथील घोडनदींतलाच. आमच्या गांवच्या नदीचा उल्लेख जगांतील मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत त्यामुळें कायमचा राहिला आहे. हें शाळेंत सांगितलें म्हणजे मुलें नदीकडे थोड्या निराळ्या नजरेनें पाहूं लागत, असा माझा अनुभव आहे. मुसुल्ला मात्र मला स्वतःला आजवर एकदांहि लागलेला नाहीं.

गळ टाकणें ही साहेबांनीं आणलेली करमणूक, अशी सुशिक्षितांत एक समजूत आहे. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काठी, दोरी, आमिष यांचा विचार त्यांत एका राजाला शोभेल अशा बारकाईनें केलेला आहे. पिसांच्या माशीचा गळ मात्र पश्चिमेकडून आला, हें मान्य केलें पाहिजे. इलियन नांवाच्या रोमन ग्रंथकारानें सतराअठराशें वर्षांपूर्वीं मॅसिडोनियांतील लोक तांबडी लोकर आणि कोंबड्याचीं पिसें गळाला गुंडाळून मासे पकडतात, असें लिहून ठेवलें आहे. हिंदुस्थानांत ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. मद्रासच्या सनदी नोकरींतील हेन्री सलिव्हन थॉमस या गृहस्थाचें येथील गळाविषयींचें पुस्तक १८७३ सालीं निघालें. त्याचा भर महाशीर या दांडग्या माशावर असला, तरी बोटाएवढ्या चंदेरी माशांवर हलकी माशी टाकण्यांतलें सुखहि त्यानें जाणलें होतें. मोठ्या शिकारीच्या गप्पा सर्वच सांगतात. लहान माशाविषयीं प्रेमानें लिहिणारे थोडे. आपणांस आज बोलावयाचें आहे तें अशाच लहान, तव्यावर अख्खा मावणाऱ्या माशाविषयीं.

आतां ही पिसांची माशी म्हणजे काय, तें सांगतों. (मासा आणि माशी यांची आपल्या भाषेनें आधींच जोडी लावून ठेवली आहे, पण त्यामुळें बोलतांना घोटाळाहि होतो; तेवढा सांभाळून घ्यावा.) एका बारीक गळाच्या दांडीवर लोकरीचा धागा गुंडाळून किड्याचें अंग करतात आणि कोंबड्याच्या मानेवरील एक पीस त्याभोंवतीं वेढून बांधतात. पिसाचे केस चहूंकडे ताठ उभे राहतात आणि त्यांच्या आधारानें ती माशी पाण्यावर तरंगते. बुडणारी माशी करावयाची असेल तर पीस कमी, अंग अधिक, आणि धाग्याखालीं तांब्याच्या तारेचे दोनतीन वेढे. गळांच्या मापांचें गणित उलटें आहे, हें नवशिक्यानें लक्षांत ठेवावें : आंकडा जितका मोठा तितका गळ लहान. आमच्या माशांना बारा किंवा चौदा नंबरचा गळ पुरतो. मॅट्रिकपर्यंत गणित शिकलेल्या मलाहि दुकानदारासमोर एकदां यांत फजीत व्हावें लागलें आहे.

साध्या गळाला आपण गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतों आणि वर शिशाचा तुकडा बांधतों. तेथें फेंकलें जातें तें शिसें. दोरा निमूटपणें त्याच्यामागून जातो. पिसांच्या माशीला वजन म्हणून नसतेंच. ती कितीहि जोरानें फेंकली तरी वाऱ्यानें परत आपल्याच तोंडावर येईल. म्हणून येथें फेंकावयाची असते ती दोरी. ही दोरी जाड, गुळगुळीत आणि वजनदार असते. तिच्या टोंकास सातआठ फूट लांबीचा, निमुळता होत गेलेला तंगुसाचा दोरा, आणि त्याच्या शेवटीं माशी. औत हाकणाऱ्याच्या हातचा आसूड आपण पाहिला असेल. दांडा लहानसाच हलतो, पण वादी लांबवर उलगडत जाते. तोच न्याय येथें लागतो. काठी डोक्यावरून मागें न्यावयाची, दोरी पाठीमागें सरळ उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचें, आणि मग पुढें न्यावयाची. सगळी मेख त्या थांबण्यांत आहे. दोरी उलगडण्यापूर्वीं घाई केली कीं खरोखरच आसुडासारखा फटकारा ऐकूं येतो आणि माशी तुटून कोठेंतरी नाहींशी होते. मुलांना हात हलविण्यास शिकविणें सोपें आहे, थांबण्यास शिकविणें कठीण. हा अनुभव मला वर्गांतहि आला आणि वाळवंटांतहि. शिवाय पाठीमागें वेडी बाभूळ नाहीं ना, हें पाहूनच उभें राहावें. दौंडाच्या कांठावरील बाभळींनीं माझ्या जितक्या माश्या गिळल्या आहेत, तितक्या भीमेच्या माशांनींहि गिळल्या नसतील.

या सर्व वर्णनावरून एक गोष्ट आपल्या ध्यानांत आली असेल. गांडुळाचा गळ पाण्यांत टाकून काठी दगडाला टेकवून ठेवतां येते. माशीच्या गळाला तें चालत नाहीं. फेंकणें, ओढणें, पुन्हां उचलणें, हें सारखें चालूं असतें आणि काठी हातांतून सुटत नाहीं. मग दोन काठ्या कशासाठीं?

याचें उत्तर माशांच्या संवयींत आणि आपल्या आकाशांत आहे. माझ्या नदींत माशीला येणारे मासे मुख्यतः दोन. पहिला आळकूट. वीतभर लांबीचा, सुरीच्या पात्यासारखा चपटा आणि चांदीसारखा चकचकीत. त्याचें तोंड वरच्या बाजूस वळलेलें असतें, यावरूनच तो आपलें अन्न पृष्ठभागावरून टिपतो हें कळावें. संध्याकाळीं पाण्यावर किडे उतरूं लागले कीं पावसाचे थेंब पडावे तशीं बारीक वर्तुळें सर्वत्र उमटूं लागतात, तीं आळकुटांचीं. त्याला हवी तरंगणारी माशी. ती वर्तुळाच्या हातभर वर, प्रवाहाच्या बाजूस, अल्लद पडली पाहिजे. झटका देऊं नये. मनगट थोडें उचललें तरी पुरे. याचें तोंड फार नाजूक असतें.

दुसरा मासा चिलापी. हा आपला नव्हे. मूळचा आफ्रिकेंतला, १९५२ मध्यें तो भारतांत आणला गेला. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि आज भिगवणच्या बाजारांत या माशाचे ढीग पडलेले असतात. उथळ पाण्यांत नर तोंडानें आणि शेपटीनें ताटाएवढे वाटोळे खळगे करतो आणि त्यांची राखण करीत फिरतो. मादी अंडीं तोंडांत धरते आणि पिलें पोहतीं होईपर्यंत त्यांना तोंडांतच सांभाळते. त्या काळांत ती कांहीं खात नाहीं. म्हणून गळाला येतो तो बहुधा नर, आणि तोहि भुकेपेक्षां रागानें. त्याच्यासाठीं बुडणारी, काळपट, लहान माशी खोल जाऊं द्यावी आणि बोटाबोटानें ओढावी. मासा पृष्ठभाग फोडीत नाहीं; दोरी चालतां चालतां थबकते किंवा किंचित् शहारते, एवढीच खूण. सातआठ इंचांचा चिलापी हलक्या काठीवर लागला म्हणजे तो आपलें रुंद अंग पाण्याला आडवें करून असा ओढतो कीं, शेरभर वजनाचा मासा लागला असा भास व्हावा. देशी माशांचें अन्न आणि जागा हा पाहुणा बळकावतो. तेव्हां याला नेण्यांत मला संकोच वाटत नाहीं. घरीं न्यावयाचा असेल तर याचे खवले नीट काढून, हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर परतावा आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खावा. आळकूट मात्र मी बहुतेक परत सोडतों. त्यांत कांटेच फार.

आतां वेळेचा हिशेब पाहा. दिवस बराच वर असतो तोंवर आळकूट वर येत नाहीं. त्या वेळीं खोल माशीनें चिलापी मिळतो. सूर्य टेकला कीं चित्र पालटतें. इंग्लंडच्या उन्हाळ्यांत सूर्यास्तानंतर संधिप्रकाश किती तरी वेळ रेंगाळतो. तेथील गळकऱ्याला एक काठी मोडून दुसरी जुळविण्यास पुष्कळ सवड असते. आपल्या अक्षांशावर सूर्यबिंब गेल्यानंतर बावीसपंचवीस मिनिटांत डोळ्यांना कामाचा उजेड उरत नाहीं, आणि आळकुटांचा सारा मेळा त्याच वेळांत भरतो. बुडती माशी सोडून तरती माशी बांधावयाची, तर दोराहि बदलावा लागतो. गळाच्या नेढ्यांतून दोरा ओवावा, टोंकाला पांच पीळ द्यावे, तें टोंक पहिल्या फांसांतून परत घ्यावें, गांठ थुंकीनें ओली करून हळूहळू आवळावी. ओली न करतां आवळली तर घर्षणानें दोरा दुबळा होतो. हें सर्व साठी उलटलेल्या डोळ्यांनीं, उतरत्या उजेडांत, चष्मा कपाळावर सरकवून करावयाचें म्हणजे दहा मिनिटें सहज जातात. आणि वर आलेले मासे कांहीं आपली वाट पाहत नाहींत. म्हणून दुसरी काठी. ती घरून निघतांनाच जुळविलेली असते, तिची माशी काठीच्या कडींत अडकविलेली असते, आणि ती मागें झुडुपाला उभी असते. ती पाण्यांत नसते, हें मुद्दाम सांगतों. हातांतली काठी ठेवली कीं दुसरी उचलावयाची, इतकाच तिचा उपयोग.

कोणी म्हणेल, मग एकाच दोऱ्याला दोन माश्या बांधाव्या, एक शेवटीं आणि एक दीड हात वर फांटा काढून. म्हणजे काठी एक आणि काम दोन काठ्यांचें. ही युक्ती जुनी आणि चांगली आहे, पण वाऱ्याच्या दिवशीं तिचा जो गुंता होतो तो सोडविण्यांत संध्याकाळ संपते. मी ती फक्त वारा पडलेला असला तरच वापरतों.

दोन्ही काठ्या एकदम पाण्यांत, हा निराळाच प्रकार. नदीवर पोट असणारा भोई रात्रीं एका लांब दोरीला ओळीनें गळ बांधून सोडतो आणि पहांटे उचलतो. तें त्याचें शेत आहे, त्याच्याशीं आपल्या करमणुकीची तुलना करूं नये. हौशी माणसाचें काय? इंग्लंड आणि वेल्स येथें यासंबंधीं स्पष्ट नियम आहेत. ट्राउट व इतर साध्या माशांसाठीं एका परवान्यावर दोन काठ्या लावतां येतात, सामन माशासाठीं एकच. अनेक काठ्या लावल्यास पहिल्या व शेवटच्या काठीच्या मुठींत तीन मीटरांहून अधिक अंतर असूं नये, आणि गळ पाण्यांत असतांना काठी सोडून जाणें हा गुन्हा आहे. पहिल्यानें हे नियम वाचले तेव्हां मला इंग्रजांच्या कायदेबाज स्वभावाचें हंसूं आलें होतें.

तें हंसूं एका फेब्रुवारींत ओसरलें. दौंडास मनमाडच्या बाजूला जाणाऱ्या रेल्वेच्या पुलाच्या वरच्या अंगास मी उभा होतों. हातांत माशीची हलकी काठी. आणि वेळ वायां कां घालवा, म्हणून शेजारीं एका बेळक्यावर दुसरी, बांबूची काठी, गांडूळ लावून ठेवलेली. आळकूट वर येऊं लागले. एक वर्तुळ, मग त्यापुढचें, मग त्याहिपुढचें, असें करीत मी कांठानें चाळीसपन्नास पावलें सरकलों, तें मला कळलेंहि नाहीं. मागें कांहींतरी दगडावर खडखडलें. वळून पाहतों तों बेळकें आडवें झालेलें आणि काठीचा मागचा भाग पाण्यावरून सरळ मधल्या धारेकडे चाललेला. शिंगाडा असावा. मी गुडघाभर पाण्यांत शिरलों आणि तेथेंच उभा राहिलों. पुढें खोल होतें. काठी गेली याचें मला वाईट वाटलें, पण खरें सांगावयाचें तर थोडी गंमतहि वाटली, आणि दुसऱ्या दिवशीं मित्रमंडळींत ती हकीकत मीं रंगवून सांगितली.

पांचव्या दिवशीं पुन्हां गेलों, तेव्हां ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळीं लावणारा एक भोई माझ्याकडे आला. त्याच्या मांडीवर माझी काठी होती. खालच्या बाजूला पाण्यांत बुडालेल्या एका बाभळींत ती अडकली होती. गळावर मासा नव्हता. दोऱ्यांत पाणकावळा होता. मासा धरावयास बुडी मारली असतांना त्याच्या मानेला आणि पंखाला दोरा गुंडाळला गेला असावा. "पाखरू सोडवाया गेलो गुरुजी," तो म्हणाला, "पन आधीच मेलं हुतं." त्यानें दोरा कापला नव्हता, काठी माझी आणि दोरा महागाचा, म्हणून तो संबंध सोडवून, बोटांवर गुंडाळून त्यानें मला परत दिला. त्याच्या बोटांना दोन ठिकाणीं चिरा पडल्या होत्या. मीं त्याला पैसे देऊं केले, ते त्यानें घेतले नाहींत.

आजच्या नायलॉनच्या दोऱ्याचा हाच दोष आहे. सुताची दोरी हंगामाभरांत कुजे. हा दोरा वर्षानुवर्षें पाण्यांत तसाच राहतो, आणि तो दिसतहि नाहीं. तेव्हांपासून तुटलेला दोऱ्याचा प्रत्येक तुकडा मी खिशांतल्या डबींत घालून घरीं आणतों, आणि पाण्यांत माझा एका वेळीं एकच गळ असतो. बांबूची ती काठी अजून आहे. तिच्यावर मीं दुसरा दोरा चढविला नाहीं.

ज्यांना ही विद्या शिकावयाची हौस असेल त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें सांगून ठेवतों. आठ फूट लांबीची, तीन किंवा चार नंबरच्या दोरीची काठी आमच्या माशांना योग्य. दोरीच्या बाबतींत आंकडा लहान तितकी दोरी हलकी, म्हणजे गळाच्या उलट. प्रथम गळ न लावतां, माशीच्या जागीं लोकरीचा तुकडा बांधून मोकळ्या मैदानांत आठपंधरा दिवस फेंकण्याचा अभ्यास करावा. नदीवर डोळ्यांना चष्मा आणि डोक्याला टोपी असल्याशिवाय उभें राहूं नये; वाऱ्यानें वळलेला गळ डोळा पाहत नाहीं. धरणांच्या पाण्यांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें दिलेला असतो. तेथें त्यांना विचारल्याशिवाय दोरी ओली करूं नये. विचारल्यास सहसा नाहीं म्हणत नाहींत, आणि मासे कोठें आहेत हेंहि सांगतात. मुळामुठेचें पाणी मिळाल्यानंतरच्या भीमेंत पुण्याचें सांडपाणी पुष्कळ येतें. पाण्याला वास येत असेल, कांठाशीं फेंस असेल, त्या दिवशीं मासा घरीं आणूं नये.

हंगाम म्हणाल तर दसऱ्यानंतर पाणी निवळलें कीं सुरू होतो. माघ-फाल्गुन हे महिने सर्वांत बरे. उन्हाळ्यांत नदी डोहांपुरती उरते आणि दुपारीं कांठावर उभें राहवत नाहीं, तरी अगदीं पहांटे कांहीं मिळतें. आणि मग जूनमधला पहिला पाऊस पडतो, वारुळांतून वाळवीला पंख फुटून थवेच्या थवे बाहेर निघतात आणि पाण्यावर कोसळतात. त्या तीनचार संध्याकाळीं माशांना शुद्ध राहत नाहीं. कसलीहि वेडीवांकडी बांधलेली माशी ते घेतात, आणि दोन काठ्याहि अपुऱ्या वाटतात. नंतर नदी गढूळ होते, देशी मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढूं लागतात, आणि मी दोन्ही काठ्या पुसून, दोऱ्या वाळवून, जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवतों.